उम्म बोगमाचा काळा दगड

सिनाईच्या पश्चिम अंगाला, सुएझच्या आखाताकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांत, जवळजवळ प्रत्येक दगड काळा दिसतो. मँगनीज शोधायला आलेल्या माणसाची परीक्षा तिथूनच सुरू होते. हजारो वर्षं उन्हात पडून राहिलेल्या खडकावर एक काळपट, किंचित चकाकणारं पुट चढतं. बारीक माती, लोह आणि मँगनीज यांचं हे पुट मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ असतं. हातोडा मारला की आतून पिवळा वालुकाश्म निघतो. हे पुट चढतं कसं यावर फार वाद झाले. उन्हापासून बचाव म्हणून मँगनीज साठवणारे नीलहरित जिवाणू ते घडवतात, असं २०२१मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडलं आणि मला ते पटतं. मुकत्तबच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या दरीत, नाबातियन प्रवाशांनी हेच पुट टोचून शेकडो नावं कोरून ठेवली आहेत. काळ्यावर फिकट उठलेली ती अक्षरं आजही वाचता येतात.

खरं खनिज वेगळं असतं. ते आतबाहेर काळं असतं आणि हातात घेतलं की वजन लगेच जाणवतं, कारण तेवढ्याच वालुकाश्माच्या ते जवळपास दुप्पट भरतं. मऊ जातीचं असेल तर बोटं काजळतात. बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासून पाहायची पद्धत जुनी आहे. रेघ तांबूस उमटली तर लोहखनिज, काळी उमटली तर मँगनीज. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबभर टाकलं आणि ते फसफसून आलं, तर मँगनीज डायऑक्साइड आहे असं धरायला हरकत नाही. या डोंगरांत मात्र रेघ बरेचदा तांबूस आणि काळ्याच्या मधली येते. इथल्या उम्म बोगमा खाणीच्या खनिजात मँगनीज आणि लोह एकमेकांत इतकं मिसळलेलं आहे की खाणीचं नशीब पुढे या मिसळीनेही बरंच ठरवलं.

बरंच ठरवलं, पण सगळं नाही. या दगडाचा माग काढत गेलं की दर शतकात तेच दिसतं. माल डोंगरात होता आणि जागेवरच होता. तो समुद्रापर्यंत कसा न्यायचा, पाणी कुठून आणायचं आणि ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, यावर खाण चालायची किंवा बंद पडायची. वाळवंटातल्या खाणीचा इतिहास लिहायचा तर तो वाटेचाच लिहावा लागतो.

आधी थर कुठून आला ते पाहू. साधारण तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी, कार्बोनिफेरस काळात, इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ पुढे डोलोमाइट झाला. या थरांच्या गटाला भूशास्त्रात उम्म बोगमाचंच नाव आहे. त्याच्या खालच्या भागात, वालुकाश्माच्या वर, लोह-मँगनीजच्या भिंगाच्या आकाराच्या राशी आहेत. मधोमध त्या काही मीटर जाड असतात आणि कडेला निमुळत्या होत संपतात. त्या समुद्रात गाळाबरोबरच साचल्या, की नंतर डोलोमाइटमधल्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने भरल्या, यावर इजिप्शियन भूशास्त्रज्ञांत दोन तट आहेत. खाणीच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. थर जवळजवळ आडवा आहे. दऱ्यांनी पठार चिरलं, तसा हा थर कड्यांच्या वरच्या भागात, खालच्या वादीपासून खूप उंचावर उघडा पडला. माल शिखरावर आणि रस्ता तळाशी, अशी ही रचना आहे.

या कड्यांखाली माणूस पहिल्यांदा आला तो पिरोजा आणि तांब्यासाठी. वादी मघाराच्या खडकांवर इजिप्तच्या तिसऱ्या राजवंशापासूनचे राजे शत्रूच्या डोक्यावर गदा उगारून उभे आहेत. पुढे सराबित अल-खादिमच्या पठारावर पिरोज्याची देवी हाथोर हिचं मंदिर उभं राहिलं. मोहिमेमागून मोहीम आली आणि देवळाचे खण वाढत गेले. तिथे कोरलेलं शेवटचं राजनाम सहाव्या रामसेसचं, म्हणजे इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातलं. फॅरो खुफूच्या काळात इजिप्तच्या किनाऱ्यावर, आजच्या वादी अल-जर्फला, एक बंदर बांधलं गेलं होतं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला २०१३मध्ये तिथे जगातले सर्वांत जुने लिखित पपायरस सापडले. त्या बंदराच्या समोर, आखाताच्या पलीकडच्या काठावर, मरखाचं मैदान आहे. तिथे उतरायचं आणि वाद्यांतून डोंगरात शिरायचं, ही वाट साडेचार हजार वर्षांपूर्वी आखली गेली. विसाव्या शतकात मँगनीज बाहेर आणणाऱ्या इंग्रज कंपनीने धक्का बांधला तो अबू झेनिमाला, याच मैदानाच्या उत्तरेला लागून. डोंगरातून समुद्राकडे जायला सोयीची जागा इथे हीच आहे. फॅरोच्या कारकुनाला ती जशी सापडली तशीच कंपनीच्या इंजिनिअरलाही सापडली.

त्या जुन्या लोकांना मँगनीज ठाऊक होतं का? धातू म्हणून नव्हतं, पण दगड म्हणून नक्की होतं. नस्बच्या वादीत प्राचीन तांबे-भट्ट्यांच्या धातुमळीचा प्रचंड ढीग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने त्याचा अंदाज सुमारे एक लाख टन केला होता. तांब्याच्या खनिजातली वाळू वितळून वेगळी व्हावी म्हणून भट्टीत लोहाचा किंवा मँगनीजचा दगड घालावा लागतो. या पट्ट्यातल्या आणि पलीकडे अरबाच्या खोऱ्यातल्या जुन्या धातुमळीत मँगनीज सापडतं ते म्हणूनच. इजिप्तच्या थडग्यांतून निघालेल्या सुरम्याच्या डब्या तपासल्या तेव्हा बहुतेकांत शिशाचं खनिज निघालं, पण काहींत मँगनीजचं काळं ऑक्साइडही होतं. नव्या राज्याच्या काळातल्या काचेतला जांभळा आणि काळा रंगही मँगनीजचाच. रोमन काळापर्यंत काचकारांनी याच्या उलट गुण हेरला होता. वाळूतल्या लोहामुळे काचेला येणारी हिरवट झाक, मोजकं मँगनीज घातलं की निघून जाते. तांबं वितळवायला, डोळ्यांत घालायला, काच रंगवायला आणि काचेचा रंग घालवायलाही हाच दगड, आणि यासाठी कोणाला मोठी खाण खणावी लागली नाही. वाटेवर पडलेला दगड उचलला की काम भागत होतं.

सराबितबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०५च्या हिवाळ्यात पेट्री आणि त्याची पत्नी हिल्डा तिथे तळ ठोकून होते. खाणींत आणि देवळात त्यांना चित्रलिपीसारखी, पण चित्रलिपी नसलेली काही चिन्हं सापडली. १९१६ साली इजिप्ततज्ज्ञ ॲलन गार्डिनरने त्यांतला एक शब्द ‘बालत’, म्हणजे ‘स्वामिनी’, असा वाचला. पिरोज्याच्या खाणींत राबायला आलेल्या कनानी माणसांनी इजिप्शियन चिन्हं उचलून आपल्या भाषेच्या ध्वनींना जोडली होती. हिब्रू, अरबी, ग्रीक, रोमन या सगळ्या वर्णमालांचं मूळ तिथे पोचतं. राजांचे शिलालेख राजांच्या कारागिरांनी कोरले. वर्णमाला मात्र खाणीवर आलेल्या परक्या माणसांच्या हातून जन्मली, आणि मला खाणीच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पेट्री तिथे पोचण्याआधी थोडीच वर्षं पिरोज्यासाठी आलेल्या एका युरोपीय मंडळाने मघारात सुरुंग लावून राजांचे कित्येक लेख उडवून दिले होते. पेट्रीने संतापून उरलेले लेख कापून कैरोच्या संग्रहालयात पाठवले. जे एका खाणीने निर्माण केलं ते दुसरीने उद्ध्वस्त केलं.

पिरोज्याच्या मागे लागून सिनाईत बरीच वर्षं घालवलेला आणखी एक इंग्रज म्हणजे मेजर मॅक्डोनल्ड. १८५०-६०च्या दशकांत तो पत्नीसह या डोंगरांत राहिला. त्याच सुमारास, १८६८च्या वसंतात, हिलरी बाउअरमन नावाचा भूशास्त्रज्ञ इथून फिरून गेला. तो धातुशास्त्रातलाही जाणकार होता. त्याने नस्बच्या परिसरातले कार्बोनिफेरस जीवाश्म ओळखले आणि लोह-मँगनीजच्या दगडाकडे लक्ष वेधलं. त्या दगडाची गरज तेव्हा युरोपात नुकतीच उभी राहत होती.

ती गरज कशी उभी राहिली? १७७४मध्ये स्वीडनच्या कार्ल शीलेने मँगनीजच्या काळ्या दगडावर मिठाचं आम्ल टाकलं आणि हिरवट, घुसमटवणारा क्लोरीन वायू निघाला. त्याच वर्षी त्याचा मित्र योहान गान याने धातू वेगळा केला. क्लोरीनमुळे कापड उन्हात आठवडेच्या आठवडे वाळत घालायची गरज उरली नाही, आणि गिरण्यांना पांढऱ्या कापडासाठी हा दगड हवा झाला. १८६६मध्ये लेक्लान्शेने आपल्या विजेच्या घटात तोच वापरला. आपल्या टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी पूड असते ती याच घराण्यातली. पण टनांनी, लाखो टनांनी मागणी आली ती पोलादामुळे.

१८५६मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करून दाखवलं. जगभर गाजावाजा झाला आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. लाल तापवून लाटायला घेतलं की त्याचं पोलाद तडकायचं. हवा फुंकताना त्यात ऑक्सिजन अडकून राहायचा आणि गंधक लोखंडाशी जुळून कणांच्या सीमांवर पातळ पापुद्रे धरायचं. ते पापुद्रे उष्णतेने वितळले की सगळा ठोकळा फुटायचा. रॉबर्ट मशेट या इंग्रज धातुतज्ज्ञाने उपाय काढला. मँगनीज असलेलं चकाकतं जर्मन बीड त्याने वितळलेल्या पोलादात घातलं. मँगनीज ऑक्सिजनला ओढून मळीत नेतं आणि गंधकाला आपल्याशी बांधतं. ते संयुग लवकर वितळत नाही, म्हणून पोलाद लाटता येतं. १८५७मध्ये मशेटच्या पोलादाचा एक रूळ डर्बी स्थानकात टाकला गेला. जिथे साधे रूळ काही महिन्यांत बदलावे लागत, तिथे तो सोळा वर्षं टिकला. मँगनीजवाचून पोलाद नाही हे त्या रुळाने सिद्ध केलं, आणि ते आजही खरं आहे. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी बहुतेक सगळं पोलादातच जातं.

१८८२मध्ये शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने मँगनीजचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास नेलं आणि एक विलक्षण पोलाद तयार झालं, जितके घाव बसतील तितकं पृष्ठभागावर कठीण होत जाणारं. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचे सांधे आणि खडी फोडणाऱ्या क्रशरचे जबडे आजही या जातीच्या पोलादाचे करतात. १९१५च्या शरद ऋतूत ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणंही हॅडफील्डच्या पोलादाची झाली.

शिरस्त्राणं करायला मँगनीज हवं होतं, आणि नेमकी तेव्हाच त्याची वाट बंद झाली होती. जगातली एक अतिशय मोठी खाण जॉर्जियातल्या चिआतुराची. तिथला माल काळ्या समुद्रावरून यायचा. १९१४च्या शरदात तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केली आणि चिआतुराचा दगड अडकला. ब्रिटनची भिस्त आली भारतावर.

इथे आपला, म्हणजे नागपूर-भंडाऱ्याचा, संबंध येतो. भारतात मँगनीजची खाण प्रथम १८९२मध्ये विजयनगरम भागात सुरू झाली. मध्य प्रांतात कंपनी १८९६मध्ये स्थापन झाली आणि शतक बदलता बदलता मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग, बालाघाट अशा नावांच्या टेकड्या फुटू लागल्या. भूशास्त्रज्ञ लेविस फर्मर याने हा सगळा पट्टा पायाखाली घातला आणि १९०९मध्ये भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ काढला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. खाणींत गोंड आणि इतर स्थानिक माणसं पहारीने दगड सुटा करत, बायका तो हातोडीने फोडून, निवडून, डोक्यावरून वाहत. इथला माल सिनाईपेक्षा खूप सरस होता, निम्मं वजन निव्वळ मँगनीजचं. पण समुद्र शेकडो मैलांवर होता. रेल्वे आली आणि मगच हा दगड विकण्याजोगा झाला. तो वाघिणींतून मुंबई-कलकत्त्याला जायचा, आणि मुंबईहून निघालेली जहाजं लाल समुद्रातून सुएझच्या आखातात शिरायची. तिथे त्यांच्या उजव्या हाताला, काही मैलांवर, सिनाईचे तेच डोंगर असत. रामटेकच्या बाजूचा दगड अबू झेनिमावरून पुढे ब्रिटनला जायचा. तो महाग पडण्यात मोठा वाटा वाटेचा होता, आणि सिनाईतल्या हलक्या मालाला जो भाव मिळू शकत होता त्याचं कारणही तेच. हा किनारा सुएझ कालव्याच्या तोंडाशी होता.

इजिप्तच्या भूसर्वेक्षण खात्याच्या टॉमस बॅरनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम सिनाईची पाहणी केली. त्याचा ग्रंथ १९०७ला आला. जॉन बॉलचा पश्चिम-मध्य सिनाईवरचा ग्रंथ १९१६ला आला. या दोघांच्या नकाशांत उम्म बोगमा जगाला नीट दिसलं. अशा प्रदेशात खनिज शोधायचं म्हणजे थर एकदा ओळखून कड्याकड्याने त्याच्याबरोबर चालत जायचं. काळी पट्टी दिसली तिथे चर खणायचा, जाडी मोजायची, नमुना पोत्यात भरायचा आणि पुढच्या दरीच्या तोंडाशी तीच पट्टी पुन्हा गाठायची. झाडं नाहीत, माती नाही, डोंगर उघडे. भूशास्त्रज्ञाला याहून वाचायला सोपा प्रदेश मिळायचा नाही, आणि राहायला याहून अवघडही. पाणी खारं, गोड्या विहिरी दोन-चार. पखाली उंटावर यायच्या, आणि उंट बेदुइनांचे. कोणती वादी पावसाच्या लोंढ्यात जीव घेते, कोणत्या खिंडीतून भरला उंट चढतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नकाशावर नावं सर्वेक्षकांची आली. वाट बेदुइनांनी दाखवली.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सिनाई मायनिंग कंपनी ही ब्रिटिश कंपनी इथे उभी राहिली आणि युद्ध संपता संपता माल नियमित जाऊ लागला. थर आडवा, म्हणून विहिरीसारखी खाण खणायची गरज नव्हती. कड्यात जिथे थर दिसतो तिथूनच आडवे बोगदे आत न्यायचे, मधे खांब राखायचे आणि छत तोलून धरत पुढे सरकायचं. पण बोगद्याच्या तोंडाशी आलेला माल कड्यावर उभा, खाली खोल दरी. त्यावर उपाय झाला झुलत्या रज्जुमार्गाचा. मनोऱ्यांवरून ताणलेल्या पोलादी दोरांना लोखंडी डोल टांगलेले. अशा उतरत्या मार्गात भरलेले डोल खाली जाताना आपल्याच वजनाने रिकाम्यांना वर ओढतात, त्यामुळे इंधन फारसं लागत नाही, आणि जिथे कोळसा बोटीने आणावा लागतो तिथे याची किंमत मोठी असते. खाली वादीत अरुंद रुळांची गाडी. गाडीने माल अबू झेनिमाच्या धक्क्यावर, धक्क्यावरून जहाजात. ज्या दोरावरून आणि रुळांवरून मँगनीज उतरत होतं ते पोलादही मँगनीजवाचून झालं नसतं.

खाणीत माणसं दोन तऱ्हेची आली. नाईलच्या वरच्या खोऱ्यातले मजूर आणि सिनाईचे बेदुइन. मानववंशशास्त्रज्ञ इमॅन्युएल मार्क्स यांनी दक्षिण सिनाईच्या बेदुइनांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. या माणसांचं बरंचसं उत्पन्न मजुरीतून येत होतं, शेळ्यामेंढ्यांतून नाही. तरीही डोंगरातल्या खजुराच्या आणि बदामाच्या बागा, पाचदहा शेळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. खाण आज आहे, उद्या नाही, हे ते जाणून होते, आणि बागा हा त्यांचा विमा होता. वरवर पाहणाऱ्याला ते जुन्या रीतीला चिकटून बसलेले वाटत. प्रत्यक्षात खाणीचा हिशेब त्यांच्याइतका अचूक कोणी केला नव्हता.

तो हिशेब दोनदा खरा ठरला. २६ जुलै १९५६ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल सिनाईत घुसलं, मागोमाग ब्रिटन आणि फ्रान्स उतरले. इजिप्तने ब्रिटिश मालमत्ता ताब्यात घेतली. मार्च १९५७मध्ये इस्रायली फौजा माघारी गेल्या आणि त्याच वर्षी सिनाई मँगनीज कंपनी ही इजिप्तची स्वतःची कंपनी आली. दहा वर्षं खाण चालली. जून १९६७च्या सहा दिवसांत सिनाई पुन्हा हातून गेलं, कालवा बंद झाला तो ५ जून १९७५पर्यंत, आणि उम्म बोगमाचं काम थांबलं. थर संपला म्हणून ते थांबलं नव्हतं. खाण एका देशाची, डोंगर दुसऱ्याच्या ताब्यात आणि समोरचं पाणी दोघांच्या तोफांखाली, अशी वेळ आली होती. कालवा बंद असताना भारतातून युरोपला जाणारा मालही आफ्रिकेला वळसा घालून जात होता. १९६२मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या सरकारी मँगनीज ओअर इंडिया कंपनीची ती सुरुवातीची वर्षं. ती कंपनी आज मॉयल म्हणून ओळखली जाते. तिच्याजवळ एक गोष्ट होती जी उम्म बोगमाजवळ नव्हती, देशातच पोलादाचे कारखाने.

इस्रायलशी झालेल्या १९७९च्या शांतता करारानंतर सिनाई टप्प्याटप्प्याने परत मिळालं. शेवटची फौज २५ एप्रिल १९८२ला गेली. इजिप्तच्या कंपनीने पुढे अबू झेनिमाला फेरोमँगनीजचा कारखाना घातला. लोह मिसळलेला दगड कच्चा विकण्यापेक्षा तिथेच वितळवून मिश्रधातू विकणं शहाणपणाचं होतं, कारण मग लोहाचा दोष दोष राहत नाही. खनिजाच्या बाजूला भट्टी, हा विचार नस्बच्या वादीत तांबं वितळवणाऱ्यांनीही केला होता.

या दगडाने माणसांना काय केलं, तेही सांगायलाच हवं. १८३७मध्ये जॉन कूपर या डॉक्टरने ग्लासगोत ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीजचा दगड दळणारे मजूर तपासले. त्यांचे पाय लुळे पडत होते, आवाज पुटपुटल्यासारखा झाला होता, तोंडातून लाळ गळत होती. मँगनीजच्या विषबाधेची ही पहिली नोंद. पुढे शतकभर ती जवळपास विसरली गेली. वाळवंटी डोंगरांतल्या खाणींनी ती पुन्हा समोर आणली, कारण तिथे पाणी नसतं आणि कोरड्या ड्रिलमधून उडणारी धूळ बोगद्यातच राहते. १९५५मध्ये मोरोक्कोच्या खाणकामगारांवर झाँ रोदिए यांनी सविस्तर लिहिलं. इजिप्तमधल्या डॉक्टरांनी १९६५मध्ये अशा रुग्णांच्या मानसिक आणि मज्जासंस्थेच्या लक्षणांची नोंद केली. चिलीच्या खाणींत तर या आजाराच्या पहिल्या टप्प्याला लोक सरळ मँगनीजचं वेड म्हणत. माणूस कारण नसताना हसतो, रडतो, चिडतो. मग चेहरा थिजतो, चाल बिघडते, चवड्यांवर तुडवत चालू लागतो. भारतातही हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे.

जॉर्ज कोत्झियास हा ग्रीक-अमेरिकी डॉक्टर चिलीच्या खाणकामगारांवर काम करत होता. या आजाराचं पार्किन्सनच्या आजाराशी असलेलं साम्य त्याला खुणावत होतं. १९६७मध्ये त्याने पार्किन्सनच्या रुग्णांना डोपा हे औषध हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिलं आणि वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालू लागली. १९७०मध्ये त्याने आणि इस्माएल मेना वगैरे सहकाऱ्यांनी मँगनीजच्या रुग्णांवरचे निष्कर्षही छापले. त्यांतल्या काहींना गुण आला, सगळ्यांना नाही. आज पार्किन्सनसाठी जगभर जे एल-डोपा दिलं जातं ते रूढ होण्यात या खाणमजुरांचा वाटा आहे. औषधाच्या इतिहासात त्यांचं नाव येत नाही. ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उम्म बोगमाचा थर अजून संपलेला नाही, आणि तिथे जाणाऱ्यांची नजर आता फक्त मँगनीजवर नाही. डोलोमाइटच्या मधल्या भागातल्या चिकणमातीच्या थरांत युरेनियम, तांबं आणि दुर्मिळ मृदा धातू आहेत. इजिप्तच्या आण्विक पदार्थ प्राधिकरणाचे भूशास्त्रज्ञ अल्लौगाच्या परिसरात यासाठी काम करतात. युरेनियम जिथे आहे तिथे रेडॉन वायू असतोच, आणि बंद बोगद्यात तो साचतो. म्हणून जुन्या मँगनीजच्या बोगद्यांतल्या हवेचीही मोजमापं झाली. तिथे पुन्हा माणसं उतरवायची असतील, तर पहिलं काम बोगद्यांतून वारा खेळता ठेवण्याचं आहे आणि दुसरं ड्रिलबरोबर पाणी देण्याचं. ते पाणी याही वेळी बाहेरूनच आणावं लागेल.